ही शाळा नेमकी कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मालमत्ता कराचे बिल आपण सगळेच भरतो, वाचणारे मात्र थोडे. ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या घराचे बिल सहज काढून बघा. इतर करांच्या रांगेत शिक्षण कराची एक ओळ सापडेल. राज्य सरकारचा हा कर १९६२ च्या कायद्याने आला. महापालिका तो आपल्याकडून वसूल करते आणि सरकारी तिजोरीत भरते. घरात शाळेत जाणारे मूल असो वा नसो, असलेले मूल कुठल्या महागड्या शाळेत जात असो, ही ओळ चुकत नाही. तरीही 'सार्वजनिक शाळा कोण चालवतं?' असे कुणाला विचारले, तर 'सरकार' एवढे एका शब्दाचे उत्तर मिळते.

उत्तर चुकीचे नाही. फक्त त्याचा उपयोग काही होत नाही. वर्गाला शिक्षक नाही, छप्पर गळते, गणवेश आलेला नाही, अशी तक्रार घेऊन तुम्ही 'सरकार'कडे जायला निघालात, की लक्षात येते, तिथे एक दार नाही, पाच-सहा आहेत. प्रत्येक दारातला माणूस सभ्यपणे पुढच्या दाराकडे बोट दाखवतो. माझी सारी नोकरी शिक्षण खात्यात, ठाणे जिल्ह्यात गेली. त्यामुळे या दारांच्या आत काय चालते ते थोडेफार ठाऊक आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'पब्लिक स्कूल' अशी पाटी आपल्याकडे ज्या शाळेवर असते, तिथली फी पब्लिकला परवडत नाही. मी बोलतो आहे ती शाळा वेगळी. शहरात ती महापालिकेची असते आणि बहुधा नावापेक्षा नंबराने ओळखली जाते, 'शाळा क्रमांक अमुक'. शहराची हद्द संपली, की ती जिल्हा परिषदेची होते. तिसरा प्रकार खासगी अनुदानित शाळांचा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतला मराठी मध्यमवर्ग मोठ्या प्रमाणावर याच शाळांत शिकला. इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार सरकारचा. या पगारदारांच्या नोकरीचे नियम १९७७ च्या कायद्यात आहेत, ते संस्थेला वाटेल तसे बदलता येत नाहीत.

आता दारे बघू. सगळ्यात वर मंत्रालयातला शालेय शिक्षण विभाग. धोरण आणि पैसा तिथे ठरतो. त्याच्या खाली पुण्यात शिक्षण आयुक्त आणि संचालक. पाठ्यपुस्तके करणारी बालभारती पुण्यातच, १९६७ पासून. शिष्यवृत्ती परीक्षा घेणारी परीक्षा परिषदही पुण्यात. मग मुंबई विभागाचे शिक्षण उपसंचालक. इथून पुढे वाट दुभंगते. ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, दहा-बारा शाळांमागे एक केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. शहरात महापालिका आयुक्त, त्यांच्या हाताखाली शिक्षण विभाग आणि मुख्याध्यापक. शहरातल्या अनुदानित हायस्कुलांची गंमत आणखी वेगळी. डोंबिवलीतले हायस्कूल महापालिकेच्या हद्दीत असले, तरी त्याचे काम असते ठाण्याला, जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. अनेक महापालिका शाळा सातवी-आठवीला संपतात. म्हणजे मूल आठवी-नववीत रस्त्यापलीकडच्या हायस्कुलात गेले, की त्याचे 'सरकार'च बदलते. आईबापांना याचा पत्ताही नसतो.

हे असे कुणी मुद्दाम गुंतागुंतीचे केलेले नाही. थरावर थर चढत गेले. कल्याणची नगरपालिका १८५५ सालची, ठाण्याची १८६३ ची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याच्या पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना आपल्या हद्दीत सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा झाला. मुभा, बंधन नव्हे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम आला आणि शाळा मंडळांची, म्हणजे पुढे आपण ज्यांना शिक्षण मंडळे म्हणू लागलो त्यांची, घडी बसली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतल्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरांत मात्र शिक्षण मंडळे राहिली.

या मंडळांबद्दल लोकांचे मत फारसे बरे नव्हते. सभापतिपद म्हणजे नगरसेवक होऊ न शकलेल्याची सोय, आणि सभेचा विषय काय, तर दप्तरे, रेनकोट आणि वह्यांची खरेदी, अशी टीका तेव्हा सर्रास व्हायची. टीकेत तथ्य होतेच. पण मंडळाच्या सभापतीला शाळा क्रमांक चौदाचा नळ तुटल्याचे ठाऊक असायचे, हेही खरे. राज्याने २०१३ साली ही मंडळे मोडीत काढली. मुदत पुरी करू दिल्यामुळे काही शहरांत ती २०१७ पर्यंत टिकली. शाळांचा कारभार थेट महापालिकेकडे गेला. त्यानंतर आणखी एक गोष्ट घडली. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते. आयुक्त हेच प्रशासक. मंडळ नाही आणि नगरसेवकही नाही. त्या काळात नळाची तक्रार सांगायला पालकाला आपल्या आळीतला माणूस उरला नव्हता. मला विचाराल तर मंडळांतली खरेदी थांबवायला हवी होती, मंडळे नव्हे. पण हे माझे मत झाले.

पैशाचे म्हणाल, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा पगार राज्य देते. महापालिकेला प्राथमिक शिक्षणाच्या मान्य खर्चाच्या निम्मे अनुदान मिळते, उरलेले तिने आपल्या उत्पन्नातून उभे करायचे. यातला 'मान्य' हा शब्द महत्त्वाचा. कोणता खर्च मान्य, ते राज्य ठरवते. शाळेच्या किरकोळ खर्चासाठी समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार अनुदान येते. निकषाप्रमाणे तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार, १०१ ते २५० मुलांच्या शाळेला ५० हजार रुपये. खडू, वीजबिल, साफसफाई, तुटकी खिडकी, सगळे त्यात. आपल्या सोसायटीचा महिन्याचा खर्च आठवून बघा.

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे, म्हणजे शिक्षकाकडे येतो. शाळेत किती शिक्षक असावेत, हे मुख्याध्यापक ठरवत नाहीत, महापालिकाही ठरवत नाही. ते ठरते 'संचमान्यता' नावाच्या एका कागदावर. ३० सप्टेंबर रोजी शाळेच्या पटावर किती मुले आहेत ते बघून राज्याच्या निकषांनुसार पदे मंजूर होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हिशेब दिलेला आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. इयत्ता पाच, शिक्षक दोन. आणि साठाचे एकसष्ट झाले, की तिसरा. म्हणजे एका मुलाच्या नावावर एक शिक्षक येतो किंवा जातो. माझे सहकारी सप्टेंबर महिन्यात गणपतीपेक्षा पटाच्या काळजीत का असत, ते यावरून कळेल.

या आकड्याचे मोल इतके, की तो फुगवण्याचा मोह अनेकांना झाला. म्हणून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारांसारखी मुलांच्या बोटांना शाई लावली. पटावर असलेली आणि प्रत्यक्ष न सापडलेली मुले लाखांच्या घरात निघाली. त्याचा परिणाम लबाडी न करणाऱ्या शाळांनीही भोगला. मे २०१२ पासून शिक्षकभरतीला लगाम बसला, तो कित्येक वर्षे सैल झाला नाही. पुढे भरतीचा मार्गच बदलला. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, नंतर अभियोग्यता चाचणी आणि 'पवित्र' नावाची संगणकीय प्रणाली. वशिला आणि देणग्या बंद करण्यासाठी हे आवश्यक होते, यात मला शंका नाही. पण त्यामुळे शाळेतली रिकामी जागा भरणे शाळेच्या हातात तर नाहीच, ती ज्या महापालिकेची त्या महापालिकेच्याही हातात पूर्णपणे राहिले नाही. राज्याची फेरी निघेल तेव्हा माणूस मिळेल. आणि तो मिळाला, तरी आधी तीन वर्षे शिक्षण सेवक. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला मानधन होते महिना ३ हजार, आणि २०२३ पासून ते १६ हजार झाले आहे. एवढ्यात दिव्यात किंवा टिटवाळ्यात भाड्याची खोली घेऊन, पोट भरून, गावी काय पाठवणार, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वर्गाला शिक्षक नाही म्हणून पालक मुख्याध्यापिका बाईंवर ओरडतात, तेव्हा म्हणूनच मला वाईट वाटते. ज्या बाईंवर ते ओरडतात, त्याच दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवत असतात.

निर्णय वर गेला की काय होते, याचा ताजा नमुना गणवेशाचा. पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी पैशातून गणवेश मिळतो. पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती कापड घेई, जवळच्या शिंप्याकडून शिवून घेई. कुठे बरे शिवले जाई, कुठे वाईट, पण माप मुलाच्या अंगावर घेतलेले असे. २०२४-२५ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली राज्यभर एकाच रंगाचे कापड घेतले गेले, आकाशी सदरा आणि गडद निळी पँट. एक जोड महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून शिवून शाळांना पोचवायचा, असे ठरले. कल्पना वाईट नव्हती, बायकांना काम मिळणार होते. पण स्वातंत्र्यदिन गेला, तरी अनेक शाळांत कपडे आले नव्हते. आले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. सहावीतल्या पोराच्या पँटची लांबी मंत्रालयातून ठरत नाही, हे कळायला एक शालेय वर्ष गेले.

इतका वेळ मी शाळेची हद्द पक्की आहे असे धरून बोलतो आहे. आपल्या भागात तीही पक्की नसते. ठाणे महापालिका १९८२ साली झाली, ती जुनी नगरपालिका आणि आसपासची ३२ गावे मिळून. कल्याण महापालिका १९८३ ची. तिच्यात सोनारपाडा, भोपर, निळजे, हेदुटणे वगैरे २७ गावे होती. जुलै २००२ मध्ये ती वगळली गेली. जून २०१५ मध्ये पुन्हा घेतली. २०२० साली त्यातली १८ गावे पुन्हा वगळण्याचा निर्णय झाला आणि वर्षअखेर उच्च न्यायालयाने तो रद्द केला. करवाढ, बांधकामे, पाणी यावरून या गावांत झालेली आंदोलने वर्तमानपत्रांतून आपण वाचली आहेत. शाळेबद्दल फारसे वाचले नसेल.

गाव एका अधिसूचनेने हलते, शाळा तशी हलत नाही. शाळा वर्ग करायची म्हणजे जमीन कुणाच्या नावावर, इमारत कुणाच्या नोंदवहीत, बाके आणि कपाटे कुणाच्या जडवस्तू संग्रहात, हे सारे पाहावे लागते. शिक्षक तर जिल्ह्याच्या सेवाज्येष्ठतेत असतात. महापालिकेत गेले, तर त्यांच्या बदल्या, बढत्या, निवृत्तिवेतन यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. यासाठी स्वतंत्र आदेश लागतात, दोन संस्थांचे एकमत लागते आणि मुख्य म्हणजे पैसे कोण देणार, हे ठरावे लागते. तोवर शाळा मधल्या मध्ये.

अशाच एका हद्दीवरच्या शाळेत मी एकदा गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. पावसात दोन वर्ग गळत होते आणि मुले व्हरांड्यात दाटीने बसली होती. मुख्याध्यापकांनी माझ्यापुढे तीन पत्रे ठेवली. एका कार्यालयाने लिहिले होते, गाव आमच्याकडे नाही. दुसऱ्याने, गाव आमच्याकडे असले तरी शाळा नाही. तिसऱ्याने, इमारत धोकादायक असल्यास मुलांना बसवू नये. तिन्ही पत्रे नियमाला धरून होती. पत्र्याखाली भांडे ठेवायला आलेल्या एका आजी म्हणाल्या, "साहेब, ही शाळा आमच्या सासऱ्यांनी श्रमदानानं बांधली. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, कुणाची म्हणून." पुढे दुरुस्ती झाली ती गावकीने वर्गणी काढून.

राज्यघटनेतही याबाबत एक फट आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत फक्त सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक गोष्टींना उत्तेजन, असे मोघम शब्द आहेत. महानगरपालिका अधिनियमात मात्र प्राथमिक शाळांची सोय करणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हटले आहे, आणि २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानेही ते स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी.

हे अंतर मोजायचे असेल, तर दिव्यात जावे. गेल्या पंचवीस वर्षांत स्टेशनच्या दोन्ही अंगांना चाळी आणि इमारती उगवल्या, त्या वेगाने महापालिकेच्या शाळा उगवल्या नाहीत. जिथे सार्वजनिक शाळा नसते, तिथली जागा रिकामी राहत नाही. दोन गाळे एकत्र करून, इंग्रजी नावाची पाटी लावून शाळा सुरू होते. अनधिकृत शाळांची यादी ठाणे महापालिका दरवर्षी जाहीर करते, आणि तीत दिवा, मुंब्रा भागातली नावे मोठ्या संख्येने असतात. मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला कायद्याने एक लाखापर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवल्यास दर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण यादी येते तोवर पालकांनी फी भरलेली असते, आणि शाळा बंद केली, तर मुले कुठे पाठवायची, या प्रश्नाला जवळपास उत्तर नसते. नुसती यादी जाहीर करून कर्तव्य संपत नाही, असे मला स्वच्छ वाटते. अनधिकृत शाळेच्या पत्त्यांचा नकाशा हा सार्वजनिक शाळा कुठे हवी होती त्याचाच नकाशा असतो.

पालकाने निदान एवढे करावे. प्रवेशाआधी शाळेचा युडायस क्रमांक विचारावा. तो अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, तर महापालिकेच्या शिक्षण विभागात चौकशी केल्याशिवाय पैसे भरू नयेत. मूल आधीच अशा शाळेत असेल, तर घाबरून जाऊ नये. वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश देणे मान्यताप्राप्त सार्वजनिक शाळेवर बंधनकारक आहे आणि दाखल्याला उशीर झाला, या कारणाने तो नाकारता येत नाही.

सगळी दारे वरच्या मजल्यावर आहेत असेही नाही. एक दार शाळेच्या फाटकातच आहे, शाळा व्यवस्थापन समितीचे. कायद्याप्रमाणे तिच्यात पाऊणभर सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकच, मुख्याध्यापक सचिव. दर दोन वर्षांनी ती नव्याने होते. शाळा विकास आराखडा तिनेच करायचा आणि अनुदान त्या आराखड्यावरून मागायचे, असे कायदा म्हणतो. पुष्कळ ठिकाणी ही समिती इतिवृत्ताच्या वहीतच राहते. वही आधी लिहिली जाते, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. पण जिथे चार आया चिकाटीने बसल्या, तिथे काय होते, तेही मी पाहिले आहे. त्यांनी मुख्याध्यापकांकडे संचमान्यतेची प्रत मागितली, मंजूर पदे किती आणि भरलेली किती ते वाचले, आणि रिकाम्या पदाचा ठराव करून शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन दिला. ओरडणाऱ्या शंभर पालकांपेक्षा पोच घेतलेला एक ठराव कार्यालयात जास्त दिवस जिवंत राहतो. तीन महिन्यांनी तिथे समायोजनातून एक शिक्षक आला.

अडचण एकच सांगितली जाते. सभा शाळेच्या वेळात, दुपारी असते आणि तेव्हा आईबाप कामावर, लोकलमध्ये किंवा कुणाच्या तरी घरी भांडी घासत असतात. पण सभा दुपारीच घ्या, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही. समितीने ठराव केला, तर ती रविवारी सकाळीही घेता येते.